क्लूनबॅराचा हिरवा बावटा

मित्रांनो, मी एक जुना हिरवा बावटा आहे. हिरवा बावटा म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर रेल्वेचा गार्ड येईल, पण माझ्या नशिबी गाडी नव्हती. मी अमेरिकेतल्या एका आयरिश फुटबॉल क्लबचा बावटा होतो. श्रूजबरी नावाच्या शहराला लागून असलेल्या एका लहान गावात हा क्लब होता आणि त्याचे नाव होते क्लूनबॅरा. आज तो क्लब नाही, त्याचे मैदान नाही आणि मला उचलणारा हातही इथे नाही. एका अपार्टमेंटच्या बेसमेंटमध्ये, मोडक्या ट्रेडमिलच्या मागे मी भिंतीला टेकून उभा आहे. तुमच्याशी बोलायला मला हवा तेवढा वेळ आहे.

आधी खेळ सांगतो, नाहीतर माझे पाप तुम्हाला समजणार नाही. आयरिश लोकांचा फुटबॉल वेगळा असतो. त्यात चेंडू हाताने झेलता येतो आणि पायाने मारताही येतो. गोलाचे खांब उंच असतात आणि त्यांना मध्ये एक आडवी दांडी असते. दांडीखालून चेंडू जाळ्यात गेला की गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून गेला तर एकच गुण. मैदानात शिट्टी घेऊन रेफरी धावतो, पण गोलाच्या दोन्ही खांबांशी पांढरा लांब कोट घातलेला एकेक पंच उभा असतो. चेंडू वरून गेला की पंच पांढरा बावटा उचलतो आणि गोल झाला की हिरवा, म्हणजे मला. माझा पांढरा जोडीदार एका सामन्यात वीस-वीस वेळा उठायचा. मी उठायचो एकदा, फार तर दोनदा. पण मी उठलो की अख्खे मैदान ओरडायचे. त्यामुळे मला थोडा ताठा होता, हे मी कबूल करतो.

माझा जन्म २००१ सालच्या मार्चमधला. क्लबचा आधीचा हिरवा बावटा उन्हापावसाने विरून गेला होता. मॅलकी गेराटी नावाच्या म्हाताऱ्या सुताराने माझ्यासाठी ॲश झाडाच्या लाकडाची काठी तासली. त्याची बायको ब्रीज हिने चर्चच्या हॉलचा एक जुना हिरवा पडदा कापून माझे कापड शिवले. त्या हॉलमध्ये एके काळी क्लबचे नाच व्हायचे आणि तिथेच या दोघांचे जमले होते. मॅलकी विसाव्या वर्षी आयर्लंडमधून आला तेव्हा त्याच्या गावची आणखी दहा मुले इथल्या गिरण्यांत कामाला होती. त्या अकरा जणांनी क्लब काढला आणि त्याला आपल्या गावाचे नाव दिले. त्या अकरांपैकी मी आलो तेव्हा एकटा मॅलकी उरला होता. ब्रीज मला शिवत होती त्या दिवशी तो नव्या मुलांना स्वयंपाकघरात बसवून नियम पाठ करून घेत होता. "गोल कधी? अख्खा चेंडू रेषेच्या पलीकडे गेला तर. केसभर जरी रेषेवर राहिला तरी गोल नाही." सुई माझ्यातून जात होती आणि तो नियम मी ऐकत होतो. हे लक्षात ठेवा, मित्रांनो. मला नियम माहीत होता.

मॅलकीची एक पद्धत होती. सामन्याआधी तो गवतावर तेरा जर्सी ओळीने मांडायचा, एक ते तेरा नंबरापर्यंत, बाह्या पसरून. अमेरिकेत या खेळाला तेरा जण लागतात. एकेक खेळाडू यायचा, आपली जर्सी उचलायचा आणि मॅलकीच्या खांद्याला हात लावून जायचा. गवत रिकामे झाले की मॅलकी समाधानाने कोट चढवायचा. २००१ च्या उन्हाळ्यात जर्सी कमी पडायच्या. नऊ-नऊ पोरे बाजूला बसून आपली पाळी येण्याची वाट पाहायची.

त्याच उन्हाळ्यात चंद्रशेखर आला. हा माणूस नागपूरचा. कॉम्प्युटरच्या कामासाठी कंपनीने त्याला बोलावले आणि तो पोचतो न पोचतो तोच मंदी आली. मग त्याला "बेंचवर" बसवले. म्हणजे नोकरी होती, पण काम नव्हते, आणि आपला व्हिसा कधी जाईल याची धास्ती होती. बायको सुनेत्रा आणि तो आमच्या मैदानामागच्या अपार्टमेंटमध्ये राहायचे. एका रविवारी दुपारी त्याने बाल्कनीतून खाली पाहिले आणि त्याला पांढरे कोट दिसले.

"सुनेत्रा, खाली क्रिकेट चाललंय! अंपायर दिसतायत!"

"अरे, चहा तरी घेऊन जा," असे सुनेत्रा म्हणेपर्यंत तो चपला घालून जिना उतरला होता.

क्रिकेट नाही हे कळल्यावर त्याचा चेहरा पडला. पण त्या दिवशी आमचा एक पंच आला नव्हता. मॅलकीने या चपलांतल्या माणसाकडे पाहिले आणि विचारले, "पंच म्हणून कधी उभा राहिला आहेस का?"

"नागपूरला. सहा वर्षं. ऑफिस टुर्नामेंट्स."

"मग हा कोट घाल."

मॅलकीने त्याला दोन मिनिटांत बावटे समजावले आणि खांबाशी उभे केले. पहिलाच चेंडू आभाळात उंच गेला आणि दांडीवरून पलीकडच्या पार्किंगमध्ये पडला. चंद्रशेखरने मला दोन्ही हातांनी असे काही उंच केले की पलीकडचे लोकही थांबून बघू लागले. मग हशा पिकला. मॅलकी हसून हसून खांबाला धरून उभा राहिला.

"सॉरी, सॉरी," चंद्रशेखर म्हणाला. "आमच्याकडे हवेतून बाहेर गेला की सहा मिळतात. खालून गेला तर चारच."

"इथे उलटं आहे, पोरा. खालून गेला तर जास्त."

तेव्हापासून चंद्रशेखर आमचा झाला. पुढे त्याला काम मिळाले, पण रविवार त्याने कधी चुकवला नाही. मॅलकी त्याला चंद्रा म्हणायचा. तो तोंडावर मॅलकी म्हणायचा आणि घरी मॅलकीकाका. सुनेत्राला सुरुवातीला राग यायचा. मंडळाचा गणपती सोडून हा माणूस जाळ्यापाशी उभा राहतो म्हणजे काय! पण ब्रीजने एकदा तिला घरी बोलावून सोडा घातलेला ब्रेड खाऊ घातला आणि त्यानंतर दोघींची गट्टी जमली. ब्रीज मला दर सामन्यानंतर हाताने धुवायची आणि उलट्या बाजूने इस्त्री करायची. माझे ते सुखाचे दिवस होते.

मग सप्टेंबर आला. अकरा तारखेच्या त्या मंगळवारचे मी काय सांगणार, तुम्हाला ते ठाऊक आहेच. आमचे सामने तीन आठवडे बंद राहिले. ते पुन्हा सुरू झाले तेव्हा आमची काही मुले आलीच नाहीत. दर उन्हाळ्याला आयर्लंडमधून येणारे विद्यार्थी कमी झाले, कारण व्हिसा मिळणे अवघड झाले. जे कागदांशिवाय इथे राहत होते ते भिऊन कोपऱ्यात गेले. आणि गंमत पाहा, त्याच सुमारास आयर्लंडमध्ये कामच काम निघाले. पन्नास वर्षे माणसे तिकडून इकडे यायची, ती आता इकडून तिकडे जाऊ लागली. मॅलकी स्वतः गाडी काढून त्यांना विमानतळावर सोडायचा. परत आला की त्यांची जर्सी धुवून, घडी घालून कपाटात ठेवायचा. कोणाला तरी ती येईल, असे म्हणायचा.

जे राहिले त्यांत एक होता कॉर्मॅक. छपरे घालणारा, लाल केसांचा, आमचा सर्वांत चपळ गडी. तो पाहुणा म्हणून आला होता आणि परत गेलाच नव्हता. सामन्यानंतर तो आणि चंद्रशेखर बाकावर बसून आपापल्या कागदांचे रडगाणे गायचे. चंद्रशेखर म्हणायचा, "माझी फाइल अजून प्रोसेसमध्येच आहे यार." कॉर्मॅक म्हणायचा, "तुझी फाइल तरी आहे."

आता मी त्या दिवसाकडे येतो. २००४ सालचा ऑगस्ट. आम्ही अंतिम सामन्यात पोचलो होतो. क्लूनबॅराला तेवीस वर्षांत हे जमले नव्हते. समोर किल्डाफ नावाचा क्लब होता, आमच्यासारखाच छोटा, चाळीस मिनिटांवरच्या गावातला. त्यांचीही माणसे आमच्यासारखीच गळत होती. शेवटचे मिनिट चालू होते आणि आम्ही दोन गुणांनी मागे होतो. किल्डाफच्या गोलाच्या एका खांबाशी मॅलकी होता आणि दुसऱ्याशी चंद्रशेखर. मी जाळ्याच्या कडेला रोवलेला होतो.

कॉर्मॅकने जमिनीलगत चेंडू मारला. किल्डाफचा गोलकीपर आडवा पडला, त्याने चेंडू छातीखाली दाबला आणि ओढून बाहेर घेतला. मॅलकी आणि चेंडू यांच्या मध्ये गोलकीपरची पाठ होती. चंद्रशेखर रेषेत उभा होता आणि त्याला स्वच्छ दिसले. मला तर त्याच्याहून स्वच्छ दिसले, कारण मी जमिनीपाशी होतो. चेंडू रेषेवर होता. अर्धा आत, अर्धा बाहेर.

चंद्रशेखरने मला उपटले आणि आभाळात धरले.

किल्डाफची माणसे धावून आली. रेफरीने येऊन विचारले, "खात्री आहे?" चंद्रशेखर म्हणाला, "शंभर टक्के." मित्रांनो, तो खोटे बोलला नाही. त्याला तसेच वाटत होते. मी मात्र ओळखून होतो की हा गोल नाही. मी जाळ्यात अडकू शकलो असतो, काठीवरून निसटू शकलो असतो. बावट्याला तेवढे जमते. पण गेल्या तीन सामन्यांत मी एकदाही उठलो नव्हतो, आणि वारा असा छान होता! मी फडकलो. आयुष्यात तसा कधी फडकलो नव्हतो. आम्ही एका गुणाने जिंकलो.

कप चर्चच्या हॉलमध्ये काचेच्या कपाटात गेला. त्याच्या शेजारी माझा फोटो लागला. चंद्रशेखरच्या हातात मी आणि मागे तोंड उघडे पडलेला मॅलकी. ब्रीज दर शनिवारी कप पुसायची. त्या हिवाळ्यात किल्डाफची सहा चांगली मुले आमच्याकडे आली, कारण जिंकणाऱ्या क्लबमध्ये खेळायला कोणाला आवडत नाही! मॅलकीने कपाटातल्या घडीच्या जर्सी काढून त्यांना दिल्या. पुढच्या वर्षी किल्डाफची टीम लीगमध्ये दिसली नाही. आम्ही दोन दिवस हळहळलो आणि आपल्या सामन्यांना लागलो.

२००५ च्या जानेवारीत मी चंद्रशेखरच्या घरी होतो. माझी शिवण उसवली होती आणि ब्रीजचे हात संधिवाताने आखडले होते, म्हणून सुनेत्राने मला शिवायला घेतले होते. बाहेर गुडघाभर बर्फ होता. चंद्रशेखर क्लबसाठी वेबसाइट बनवत होता. क्लबचा इतिहास, जुने फोटो आणि खेळाचे नियम, असे सगळे तो मॅलकीच्या वहीतून टाइप करत होता. मध्येच त्याची बोटे थांबली.

"काय झालं रे?" सुनेत्राने विचारले.

"सुनेत्रा, तो गोल नव्हता."

"कुठला?"

"फायनलचा. यांच्या रूलमध्ये अख्खा बॉल लाइनच्या पलीकडे जावा लागतो. मी आपला क्रिकेटचा रूल लावला. बॉल रोपला टच झाला की फोर, तसं. लाइनला लागला म्हणजे गेला."

"पण तुला हे कोणी सांगितलं नव्हतं?"

"मी विचारलंच नाही. मला वाटलं, लाइन म्हणजे लाइन."

चार वर्षे तो खांबाशी उभा होता आणि हा प्रश्न निघालाच नव्हता. मॅलकीला वाटे हे कोणालाही कळेल, आणि चंद्रशेखरलाही तसेच वाटे. जे दोघांनाही उघड वाटते ते कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही.

सुनेत्राने सुई खाली ठेवली. "मग मॅलकीकाकांना फोन कर. आत्ता कर."

"आत्ता कसं? त्या कपामुळे सहा मुलं आलीयत. काका किती खूश आहेत बघितलंस ना? हा सीझन होऊ दे, मग सांगतो."

मग तो पुन्हा टाइप करू लागला. क्लबच्या इतिहासाच्या पानावर, सगळ्यांत वर, त्याने स्वतःच्या बोटांनी लिहिले: २००४, विजेते. सुनेत्राने मला शिवून पुरे केले, पण त्या दिवशी त्याच्यासाठी न थांबता ती एकटीच जेवली.

तो सीझन झाला आणि चंद्रशेखरने सांगितले नाही. पुढचाही झाला. २००६ मध्ये कॉर्मॅकची आई वारली. तो गेला तर परत येऊ शकणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. तरी तो गेला. जाण्याआधी त्याने आपली अकरा नंबरची जर्सी स्वतः धुवून आणून दिली. किल्डाफहून आलेल्या सहांपैकी चार त्याआधीच आयर्लंडला परतले होते. आता मॅलकीने मांडलेल्या तेरा जर्सींपैकी दोन-तीन गवतावर तशाच राहायच्या. कोणाचा मेहुणा, कोणाचा शेजारी अशी माणसे ओढून आणून मॅलकी त्या भरायचा. दर सामन्यानंतर चंद्रशेखर मॅलकीला गाडीपर्यंत सोडायला जायचा. प्रत्येक वेळी मला वाटायचे, आज सांगेल. पण "पुढच्या रविवारी भेटू" एवढेच बोलून तो परत यायचा.

२००७ च्या फेब्रुवारीत ब्रीज गेली. आयरिश लोकांत मृताला घरी ठेवून रात्रभर सोबत बसायची रीत आहे. मॅलकीने हॉलमधून कप आणला आणि तिच्या उशाशी ठेवला. कपाच्या शेजारी आम्ही दोन बावटे होतो, तिने शिवलेले. आलेल्या प्रत्येकाला मॅलकी सांगत होता, "शेवटच्या दिवशीही ती कप पुसायचा म्हणत होती." चंद्रशेखर आणि सुनेत्रा कोपऱ्यात उभे होते. सुनेत्राने त्याच्याकडे पाहिले. तो मान खाली घालून एवढेच म्हणाला, "आज नको ना."

ब्रीजनंतर मला कोणी इस्त्री केली नाही. मी डाग पडलेला, कडा फाटलेला तसाच मॅलकीच्या गाडीच्या डिकीत पडून राहू लागलो. मॅलकीच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला होता. त्या वर्षी आम्ही सर्वांत खाली राहिलो. लीगचे पत्र आले की पुढच्या वर्षीही हीच गत झाली तर क्लूनबॅराचे नाव काढून टाकण्यात येईल. मॅलकीने ते पत्र घडी घालून कोटाच्या खिशात ठेवले. तो कोट तो फक्त सामन्याला घालायचा. म्हणजे प्रत्येक सामन्याला ते पत्र त्याच्या छातीशी असायचे.

२००८ च्या ऑगस्टमध्ये शेवटचा सामना होता. जिंकलो तर शेवटून दुसरे, हरलो तर संपलो. मॅलकीने जर्सी मांडल्या. अकरा उचलल्या गेल्या. बाराव्या जर्सीत पन्नाशीचा एक ट्रकवाला घुसला आणि तेरावीत चर्चची घंटा वाजवणारा. गवत रिकामे झाले तेव्हा मॅलकीने टोपी काढून घाम पुसला.

कसे ते मला अजून समजत नाही, पण आमची माणसे त्या दिवशी जीव तोडून खेळली. शेवटच्या मिनिटाला आम्ही फक्त दोन गुणांनी मागे होतो. समोरच्यांच्या गोलाच्या एका खांबाशी मॅलकी आणि दुसऱ्याशी चंद्रशेखर. ट्रकवाल्याने गर्दीतून पाय मारला, चेंडू घरंगळत आला आणि गोलकीपरने त्याच्यावर झडप घातली.

चेंडू रेषेवर होता. अर्धा आत, अर्धा बाहेर. देवाला दुसरी जागा सापडली नाही.

चंद्रशेखरचा हात माझ्या काठीवर पडला. त्याने मला जमिनीतून वीतभर उचलले. मैदानात सगळे थांबले होते. रेफरी आमच्याकडे बघत होता आणि मॅलकी दुसऱ्या खांबाशी डोळे बारीक करून उभा होता. त्याला काहीच दिसत नव्हते.

"चंद्रा! आत होता ना?"

चंद्रशेखरने मला परत जमिनीत रोवले. "नाही, मॅलकी. रेषेवर होता."

"चंद्रा, अरे उचल! चार वर्षांपूर्वी उचललास तसा उचल!"

"तेव्हाही रेषेवरच होता," चंद्रशेखर म्हणाला. "तेव्हा मला रूल माहीत नव्हता. मी चुकलो, मॅलकी. तो कप आपला नव्हता."

शिट्टी झाली. सामना संपला आणि क्लूनबॅरा क्लबही संपला. मॅलकीने कोट काढला आणि खांबाला टांगला. मग तो गवतावरून, जमिनीवरून, घामाने ओल्या तेरा जर्सी एकेक करून गोळा करू लागला. चंद्रशेखर मदतीला गेला तर त्याने हाताने त्याला दूर केले. त्या दिवशी मॅलकीने पांढऱ्या बावट्याला बरोबर नेले आणि ब्रीजच्या थडग्याशी रोवले. पांढऱ्याने कधी खोटे सांगितले नव्हते. मी मैदानातच राहिलो. मग चंद्रशेखरने मला घरी नेले.

पुढच्या रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. मॅलकी उभा होता. त्याच्या हातात उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला कप होता.

"मला आता हायवेवर दिसत नाही," तो म्हणाला. "तू ड्राइव्ह कर. किल्डाफवाल्यांचा कप त्यांना देऊन येऊ."

"त्यांची टीम तर केव्हाच बंद झाली."

"टीम नसली तरी हॉल असेल. म्हातारे असतील. एक जरी भेटला तरी पुरे. आणि तो हिरवा बरोबर घे. त्यांना सांगताना हातात असू दे."

मी मागच्या सीटवर आडवा पडून गेलो. किल्डाफच्या मैदानावर आता टाउनहाऊसची रांग उभी होती आणि एक बाई कुत्र्याला फिरवत होती. हॉल सापडला. दारावर नवी पाटी होती आणि काचेमागे बाथरूमच्या फरशांचे नमुने मांडले होते. दुकानातली ब्राझिलियन बाई मनाने चांगली होती. तिने सांगितले की तीन वर्षांपूर्वी जागा घेतली तेव्हा आत नुसत्या खुर्च्या होत्या. मॅलकीजवळ त्यांच्या सेक्रेटरीचा नंबर होता. चंद्रशेखरने तो लावला. नंबर बंद होता. मागच्या भिंतीवर पांढऱ्या रंगाखालून किल्डाफच्या चिन्हाची अर्धी कड दिसत होती. मॅलकीने तिच्यावरून हात फिरवला.

मग तो पायरीवर बसला, कप मांडीवर घेऊन.

"त्यांची ती सहा मुलं," तो म्हणाला. "कपामुळे आपल्याकडे आली. सहा गेली म्हणून त्यांचे तेरा होईनात. म्हणून ते बंद पडले. हो ना, चंद्रा?"

चंद्रशेखर त्याच्यापुढे उकिडवा बसला. "मॅलकी, आय ॲम सॉरी. त्या जानेवारीतच सांगायला हवं होतं. तेव्हा ते इथे होते."

"माझी माफी मागून काय होणार?" मॅलकी म्हणाला. तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरे झाले असते. "ज्यांची मागायची, ते कुठे आहेत ते सांग."

दुकानातल्या बाईने त्यांना पाणी आणून दिले. ते प्याले आणि परत आले. कप पुन्हा कपाटात गेला नाही. तो किल्डाफवाल्यांना परतही मिळाला नाही.

ऑक्टोबरमध्ये चंद्रशेखरची नोकरी गेली. या वेळी बेंचही नव्हता. व्हिसा संपायच्या आत त्यांना नागपूरला परतायचे होते. जाण्याआधी त्याने क्लबच्या वेबसाइटवरची एक ओळ बदलली. "विजेते" काढून "निकाल चुकीचा, चूक पंचाची" असे लिहिले. पण तोवर ते पान कोणी उघडत नव्हते. बॅगा भरताना सुनेत्राने मला हातात घेतले, माझ्या कडेवरची स्वतःची शिवण पाहिली आणि म्हणाली, "हा बसणार नाही रे." चंद्रशेखर मला खाली घेऊन आला. ट्रेडमिलमागे उभे करताना त्याने माझे कापड काठीभोवती नीट गुंडाळले. मग दिवा बंद केला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. मी पडद्याचे कापड आहे, विरून जाईन आणि त्यात कोणाचे काही बिघडणार नाही. पण तुमच्या हातून चूक झाली आणि ती तुम्हाला कळली, तर त्याच दिवशी जाऊन सांगा. माणूस खुशीत आहे म्हणून थांबू नका, दुःखात आहे म्हणून थांबू नका, सीझन संपायची वाट बघू नका. मी फडकायच्या हौसेपायी गप्प राहिलो आणि चंद्रशेखर मायेपायी गप्प राहिला. दोघांचे फळ एकच निघाले. किल्डाफच्या हॉलमध्ये आता फरशा विकतात.